फ्राइड राइसचा मऊभात का होतो?

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, आणि महिनाअखेर असली की गाडीवर जायलाही खिशात पैसे नसतात. अशाच एका रविवारी आमच्या फ्लॅटवर ठराव पास झाला की आज फ्राइड राइस घरीच करायचा. आम्ही चौघं राहतो. मी मेकॅनिकलचा, बाकीचे तिघं इलेक्ट्रिकल, सिव्हिल आणि कॉम्प्युटरचे. (नावं छापली तर त्यांच्या घरी कळेल, म्हणून इथे ब्रँचच्याच नावाने हाक मारतो.)

तयारी जोरात झाली. सिव्हिलने कोबी असा चिरला की जणू ड्रॉइंग शीटवर हॅचिंग करतोय. गाजर, सिमला मिरची, फरसबी मिळून अर्धा किलोच्या वर भाजी. कुकरमधून नुकताच काढलेला वाफाळता भात. सोया सॉस, व्हिनेगर, मिरपूड, सगळं हजर. घरमालकीण काकूंनी दिलेली दोन बर्नरची शेगडी आणि आमची एकुलती एक अॅल्युमिनियमची पातळ कढई. मोठा बर्नर फुल्ल केला, तेल टाकलं, भाजी टाकली. छान 'चर्र' असा आवाज आला. चार सेकंद. मग आवाज बदलला आणि 'बुडबुड बुडबुड' सुरू झालं. भाजीला पाणी सुटलं. त्यात गरम भात पडला, त्यावर सॉस पडला, आणि दहा मिनिटांनी जे ताटात आलं ते तपकिरी रंगाचं काहीतरी होतं. आजारी माणसाला मऊभात देतात ना, तो जर सोया सॉसमध्ये बुडवला तर कसा लागेल, तसं लागत होतं. खाल्लं. न खाऊन सांगतो कोणाला!

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला करता येत नाही, त्यात लेख काय लिहायचा? पण थांबा. हा प्रकार फक्त आमच्याकडे होत नाही. माझ्या ताईकडे होतो, मावशीकडे होतो, टीव्हीवर बघून करणाऱ्या सगळ्यांकडे होतो. आणि सगळे एकच वाक्य म्हणतात, "घरच्या गॅसला हीट नाही, म्हणून जमत नाही." हे वाक्य अर्धं खरं आहे. अर्ध्या खऱ्या वाक्याने आमच्या फ्लॅटवर काय घडलं ते पुढे येईलच. आधी अर्धं खरं कसं ते सांगतो.

आमच्या कोपऱ्यावर चायनीजची गाडी आहे. लाल रंग, पिवळा ड्रॅगन, बाजूला कोबीचा डोंगर. (तसं गाडीवरचं चायनीज चीनपेक्षा आपलंच जास्त. मंचुरियनचंच बघा. त्याचं श्रेय नेल्सन वँग यांना दिलं जातं, आणि ते त्यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलं असं सांगतात. पण भांडं आणि आगीची पद्धत मात्र चीनची, त्यातही कँटनकडची.) गाडीवरचे काका बर्नर पेटवतात तेव्हा विमान उडाल्यासारखा आवाज होतो. ज्योत कढईच्या कडेवरून वर येते. भाजी पडते, उडते, भात पडतो, उडतो, सॉस, मीठ, आणि प्लेट समोर. दीड-दोन मिनिटांत खेळ खलास. भाताचा दाणा दाणा सुटा आणि त्याला तो जरासा करपल्यासारखा, धुरकट वास. वांगं निखाऱ्यावर भाजलं की भरिताला जो वास येतो त्याच्या जवळचा, पण हलका. कँटनच्या भाषेत या वासाला 'वॉक हे' म्हणतात. वॉक म्हणजे ती कढई, आणि हे म्हणजे श्वास. ग्रेस यंग यांनी २००४ साली 'द ब्रेथ ऑफ अ वॉक' हे पुस्तक लिहिलं तेव्हापासून हा शब्द इंग्रजी वाचणाऱ्यांतही पसरला. (आमच्या कॉम्प्युटरला बरेच दिवस वाटत होतं की हा चालण्याच्या व्यायामाचा प्रकार आहे.)

हा वास म्हणजे जादू नाही. पदार्थाचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर गेला की त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून तपकिरी होऊ लागतात आणि भाजल्याचा वास तयार होतो. शिवाय उडालेल्या तेलाचे बारीक थेंब ज्योतीत जळतात, त्याचा वास वेगळा. पण पदार्थावर जोपर्यंत पाणी आहे तोपर्यंत त्याचं तापमान शंभराच्या पुढे जात नाही. म्हणजे सगळा प्रश्न पाण्याची वाफ किती लवकर होते एवढाच आहे. आणि इथे आपलं स्टीम टेबल कामाला येतं, जे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री शिव्या देत उघडतो. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. साधं पाणी शंभरापर्यंत तापवायला लागते त्याच्या सातपट उष्णता नुसती वाफ करण्यात जाते.

त्या मऊभातानंतर मी एक प्रयोग केला. टर्म वर्कला लावायला हरकत नाही इतका सोपा. पातेल्यात २ लिटर पाणी घेतलं, तापमान २७ अंश. मोठा बर्नर फुल्ल. ९७ अंशाला पोचायला साडेसहा मिनिटं लागली. गणित करा: २ गुणिले ४.१८ गुणिले ७० म्हणजे ५८५ किलोज्यूल, भागिले ३९० सेकंद. उत्तर दीड किलोवॉट. म्हणजे आमच्या शेगडीचा मोठा बर्नर पातेल्यात दीड किलोवॉट घालतो. शेगडीची थर्मल एफिशिअन्सी कमीत कमी ६८ टक्के असावी असं आय.एस. ४२४६ हे भारतीय मानक सांगतं. त्या हिशोबाने बर्नर जाळतो साधारण २.२ किलोवॉटचा गॅस. आता चिनी रेस्टॉरंटमधला वॉक बर्नर बघा. तिकडे एक लाख बीटीयू ही सर्रास सांगितली जाणारी संख्या आहे. त्याचे होतात २९ किलोवॉट. तेरापट!

दीड किलोवॉटमध्ये एका मिनिटाला ९० किलोज्यूल मिळतात. त्यात फार तर ३५ ग्रॅम पाणी तापून त्याची वाफ होईल. आम्ही अर्धा किलो भाजी टाकली होती. कोबीमध्ये नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं. त्यातलं नुसतं शंभर ग्रॅम सुटलं तरी तीन मिनिटं बर्नर फक्त ते उडवण्यात गुंतला, आणि तेवढ्या वेळात आणखी सुटतंच आहे. पाणी येतंय जास्त, जातंय कमी. म्हणजे टाकी भरणारच. चौथीतल्या गणिताचा नळ आणि हौद, दुसरं काय!

तर "घरच्या गॅसला हीट नाही" हे इथपर्यंत खरं. इथून पुढे आम्ही चुकलो.

ही आकडेमोड मी रात्री वहीत केली आणि मोठ्या ऐटीत बाकीच्यांना दाखवली. "तेरापट पॉवर पाहिजे," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. पण इंजिनिअरिंगच्या पोरांसमोर असं वाक्य टाकणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या रविवारी इलेक्ट्रिकल हाय प्रेशर रेग्युलेटर घेऊन आला. भट्टीला लावतात तो. कुठून आणला ते लिहीत नाही. आमच्या घरच्या सिलिंडरवर तो बसला. शेगडी तीच, काकूंची. नळीही तीच, जुनी, टोकाला कडक झालेली. "चाक हळूहळू फिरवू, बघू किती होतं," असं ठरलं. मी बाजूला उभा होतो. मला गंमत वाटत होती, हे कबूल करतो.

ज्योत मोठी झाली, आवाज आला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ज्योत बर्नर सोडून वर उचलली गेली आणि एका बाजूने विझली. गॅस येतच होता. इलेक्ट्रिकल वाकून शेगडीचं बटण बंद करायला गेला तेवढ्यात नळी शेगडीच्या नळकांड्यावरून निसटली आणि भडका उडाला. सिलिंडर बंद करायला मला किती वेळ लागला असेल? दहा सेकंदसुद्धा नाही. पण तेवढ्यात त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता, एक भुवई गेली होती, आणि स्वयंपाकघराचा पडदा पेटला होता. पडदा सिव्हिलने ओढून बादलीत टाकला. हात आम्ही नळाखाली धरून ठेवला, बराच वेळ, काकू खालून टूथपेस्ट घेऊन आल्या तरी लावू दिली नाही. एवढं एकच काम त्या दिवशी आम्ही शहाण्यासारखं केलं.

त्याचे वडील रात्रीच्या एस.टी.ने आले. सकाळी सहाला दारात उभे. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हात बघितला, मग स्वयंपाकघरात जाऊन शेगडी बघितली, आणि म्हणाले, "भातच करत होता ना रे पोरांनो?" बस्स. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. इलेक्ट्रिकलच्या दोन ओरल आणि एक प्रॅक्टिकल गेली, कारण उजव्या हाताने पेन धरता येत नव्हतं.

आता माझं खरं म्हणणं मांडतो, आणि ते काही जणांना झोंबेल. ही गोष्ट कॉलेजमध्ये पसरली तेव्हा निम्म्या लोकांनी आमची पाठ थोपटली. "साले, काय जुगाड केलात!" एकाने तर विचारलं की पुढच्या वेळी नळीला क्लिप लावली असती तर किती प्रेशर गेलं असतं. म्हणजे चूक क्लिपची! आपल्याकडे चालू वस्तू खोलून तिच्यातून तिच्या मापापेक्षा जास्त काढणं याला 'प्रॅक्टिकल नॉलेज' म्हणतात, आणि वहीत गणित करून 'हे करू नको' म्हणणाऱ्याला घासू म्हणतात. मला त्यातला घासू व्हायला हवं होतं. ज्या वहीत मी तेरापट लिहिलं त्याच वहीच्या पुढच्या पानावर आणखी दोन ओळींचं गणित होतं, ते मी घटना घडल्यावर केलं.

ते असं. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस बाहेर येतो तो साधारण ३० मिलिबार दाबाने. वातावरणाच्या दाबाच्या शंभरात तीन भाग, म्हणजे जवळपास फुंकर. शेगडीचे जेट, बटणं, नळी, सगळं या फुंकरीसाठी केलेलं आहे. जेटमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, बर्नोली एस.ई.ला शिकलो तेच. म्हणजे गॅस दुप्पट हवा तर दाब चौपट. तेरापट कुठून आणणार? आणि दुप्पट आला तरी उपयोग काय? एल.पी.जी. आणि हवेच्या मिश्रणात ज्योत पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला चाळीस सेंटिमीटरच्या आसपास आहे. बर्नरच्या भोकातून मिश्रण त्यापेक्षा फारच जोरात निघालं की ज्योत भोकावर टिकत नाही, उचलली जाते. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. गाडीवरची भट्टी वेगळी असते. तिचा जेट, तिची भोकं, तिची नळी, सगळंच त्या दाबासाठी असतं, आणि ती उघड्यावर असते. ज्यांना वाटतं की दाब न वाढवता जेटचं भोक ड्रिलने मोठं करू, त्यांच्यासाठी: गॅस वाढेल पण त्याबरोबर हवा पुरेशी ओढली जाणार नाही, ज्योत पिवळी होईल, कढईला काजळी धरेल आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड होईल. त्याला वास नसतो.

हवेत एल.पी.जी. जेमतेम दोन टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साठतो. आमच्या खाली काकू आणि त्यांची नात राहतात. गळती झाली तर १९०६ हा नंबर आहे, तो आता आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. असो.

यानंतर दोन महिने आमच्याकडे फ्राइड राइसचं नाव कोणी काढलं नाही. मग एकदा गाडीवर उभे असताना इलेक्ट्रिकलच्या हाताकडे बघून काकांनी विचारलं. आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी भरपूर झापलं. मग विचारलं, "किती प्लेट टाकल्या होत्या कढईत?"

"चार. आम्ही चौघं ना."

"मी कधी चार टाकताना बघितलंय का? एवढी भट्टी आहे तरी एक टाकतो, गर्दी असली तर दोन. तुम्ही घरच्या शेगडीवर चार टाकता, आणि गॅसला नावं ठेवता होय?"

मंडळी, चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकून मला जे सुचलं नाही ते हे होतं. मी वॉट बघत बसलो होतो. बघायचं होतं वॉट भागिले ग्रॅम. वरचा आकडा आपल्या हातात नाही, तर खालचा आहे ना!

आमचा मऊभात म्हणजे दीड किलोवॉट भागिले तेराशे ग्रॅम. ग्रॅममागे सव्वा वॉटसुद्धा नाही. गाडीची भट्टी आपण १५ किलोवॉटची धरू, रेस्टॉरंटच्या निम्मी. तिची बरीचशी आग कडेने हवेत जाते, म्हणून कढईत तिसरा हिस्सा पोचतो असं धरू, पाच किलोवॉट. प्लेट साडेतीनशे ग्रॅमची. ग्रॅममागे १४ वॉट. आणि घरी एकच प्लेट केली, ३०० ग्रॅम, तर ग्रॅममागे ५ वॉट. सव्वावरून पाचवर आलो, एक पैसा खर्च न करता आणि एकही स्क्रू न फिरवता.

पाच आणि चौदा यातलं अंतर भरून काढलं आईच्या कढईने. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे सगळे उलटा सल्ला देतात. वॉक पातळ पाहिजे, हलका पाहिजे, असं पुस्तकातला प्रत्येक जण सांगतो. खाली तीस किलोवॉट असतील तर बरोबरच आहे. पातळ पत्रा लगेच तापतो, लगेच निवतो, आचारी आगीवर ताबा ठेवू शकतो. पण खाली दीडच किलोवॉट असताना पातळ कढईत गार भाजी पडली की तिची सगळी ऊब एका झटक्यात जाते. आमचं ते चार सेकंदांचं 'चर्र' म्हणजे त्या कढईची जमापुंजी होती. घरी पाहिजे जाड, जड लोखंड. दिवाळीला घरी गेलो तेव्हा भजी तळायची जुनी लोखंडी कढई मागितली. आई म्हणाली, "ती कशाला नेतोस, नवीन नॉनस्टिक घेऊन देते की." मी म्हटलं, "नॉनस्टिक नको, हीच दे." (नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि त्याचा धूर चांगला नाही. रिकामी कढई फुल्ल गॅसवर तापवायच्या कामाला ती चालतच नाही.) आईने दिली, पण "परत आण" असं तीनदा बजावून.

कढई दीड किलोची. लोखंडाची विशिष्ट उष्णता ०.४६ धरा. २८० अंशापर्यंत तापवलेली ही कढई शंभरापर्यंत निवताना सव्वाशे किलोज्यूल देते. म्हणजे आमच्या बर्नरची जवळजवळ दीड मिनिटाची कमाई कढईत आधीच साठवलेली असते! बॅटरीच म्हणा ना. ती दीड मिनिटात खर्च झाली तर बर्नरच्या दीड किलोवॉटला तिचा जवळपास तेवढाच हात लागतो, आणि ग्रॅममागे पाचाचे साडेनऊ होतात. गाडीच्या दोन तृतीयांश. बिडाची असली तरी हेच गणित. फक्त तापायला वेळ लागतो, चार-पाच मिनिटं. आपला धीर तिथे सुटतो. झाली की नाही ते कळायला थर्मामीटर नको, पाण्याचा थेंब टाका. लगेच उडून गेला तर अजून व्हायची आहे. मण्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे पळत सुटला की पुरे. याला लायडनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात, व्हायवाला विचारतात. तेल त्यानंतर घालायचं, आणि सगळं साहित्य हाताशी ठेवूनच, कारण शेंगदाण्याचं रिफाइंड तेल २३० अंशाच्या आसपास धूर सोडू लागतं.

आणि कढई उडवू नका. ते गाडीवर शोभतं. २०२० मध्ये जॉर्जिया टेकच्या हंगटांग को आणि डेव्हिड हू यांनी भात उडवणाऱ्या आचाऱ्यांच्या व्हिडिओंचा अभ्यास करून चक्क पेपर लिहिला. हे आचारी सेकंदाला जवळपास तीन वेळा भात उडवतात. का, तर एवढ्या आगीत दाणा जागेवर राहिला तर जळेल, म्हणून त्याला हवेत थंड करून परत आणायचं. आपल्याकडे जळण्याइतकी आग आहे कुठे? घरी कढई उचलली की दीड किलोवॉटही हवेत जातात. कढई तिथेच राहू दे, उलथन्याने तळापासून परता.

खरं तर 'परतणे' हा शब्द आपल्याकडे आहे, पण आपण परतायला घेतो आणि झाकण ठेवून मोकळे होतो. 'एक वाफ काढून घे' हे वाक्य आपल्या स्वयंपाकात इतकं मुरलंय की हात आपोआप झाकणाकडे जातो. उसळीला, पोह्यांना ते बरोबर. इथे वाफ शत्रू आहे. तिला घराबाहेर जाऊ द्या. खिडकी उघडी, झाकण माळ्यावर.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. भाजी आणि भात एकदम टाकायचे नाहीत. आधी भाजी, दीडशे ग्रॅमच्या वर नाही, धुतली असेल तर फडक्याने कोरडी करून. ती काढून ठेवायची, कढई पुन्हा तापू द्यायची, मग भात, आणि शेवटी भाजी परत आत. मीठ शेवटी, कारण मिठाने पाणी सुटतं. सॉस चमचाभर, कढईच्या कडेवरून सोडलेला. भात गार आणि मोकळा हवा, आदल्या दिवशीचा फ्रिजमधला उत्तम. पण तो रात्रभर ओट्यावर ठेवलेला नको. शिजल्यावर ताटात पसरून गार करा आणि तास-दीड तासात फ्रिजमध्ये टाका. उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरीयस नावाचा जंतू विष तयार करतो आणि ते परत तापवूनही जात नाही. बर्नरची भोकं सुईने साफ करा, ज्योत निळी दिसली पाहिजे. पंखा बंद.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सिव्हिलने घेतलाच: चौघांच्या चार वेगळ्या प्लेट करायच्या म्हणजे अर्धा-पाऊण तास जाणार, पहिल्याचं खाऊन होईल तेव्हा चौथा उपाशी. मान्य. ही पद्धत पाहुणे आले असताना चालणार नाही. दहा जणांना जेवायला घालायचं असेल तर मसालेभात करा, तो दहा जणांसाठीच जन्माला आलाय. इलेक्ट्रिकलचा आक्षेप इंडक्शनचा होता. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास कामाला लावते, म्हणजे आमच्या गॅसपेक्षा थोडी पुढेच. पण तिला सपाट बूड लागतं, आमची कढई गोल. आणि आमच्या फ्लॅटमधले सॉकेट सहा अँपिअरचे. २३० गुणिले ६ किती, हे त्याने स्वतःच केलं आणि गप्प बसला. पूर्वी त्याने आधी वायर जोडली असती.

चौदापर्यंत आम्ही पोचलो नाही, हे खरं सांगायला हवं. गाडीवरच्या ज्योतीत तेल पेटून जो वास येतो तो आमच्या भाताला येत नाही. दाणा सुटा होतो, कोबी करकरीत राहतो, कडेला थोडा तपकिरी होतो, भाजल्याचा वास येतो. बाकीच्या वासासाठी तीस-चाळीस रुपये साठवून काकांकडे जातो. तो वास त्यांच्या भट्टीचा आहे, त्यांच्याकडेच राहू द्या.

परवाच्या रविवारी पुन्हा बेत केला. इलेक्ट्रिकल हल्ली घड्याळ घेऊन उभा असतो, "आता टाक," "आता काढ" एवढंच सांगतो, शेगडीच्या दोन फूट लांबून. त्याच्या हातावरची कातडी अजून गुलाबी आहे. पहिली प्लेट त्याची, दुसरी कॉम्प्युटरची, तिसरी सिव्हिलची. चौथी माझी. कढई मस्त तापली, थेंब पळाला, तेल गेलं, कोबी पडला, दोनदा परतला, आणि ज्योत बारीक होत होत बसली. सिलिंडर संपला.

कढई तापलेली होती, म्हणून कोबी तेवढा झाला. तो ब्रेडबरोबर खाल्ला.